छत्रीआडचे सर

डोंबिवलीच्या भाजीबाजारात जानेवारीतल्या कोरड्या सकाळी डोक्यावर काळी छत्री उघडून कोथिंबिरीची जुडी निवडणारा म्हातारा तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे सर. उन्हासाठी छत्री म्हणावी, तर भर मे महिन्यात ते कॉलेजच्या फाटकापासून वर्गापर्यंत उघड्या डोक्याने येत. छत्री उघडायची ती फक्त बाजारात, स्टेशनच्या पुलावर आणि गर्दीच्या रस्त्यावर, आणि तीही अशी तिरकी की चेहरा दिसू नये. एकदा नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेतही त्यांनी ती उघडली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, छत्री मिटा ना, आम्हाला देवी दिसत नाय." सरांनी छत्री मिटली, जागेवरूनच देवीला हात जोडले आणि दर्शन न घेता मागच्या गल्लीने निघून गेले. आम्ही सगळे हसलो. "सटकलाय म्हातारा," असं आमच्यातला एकजण म्हणाला आणि मी मान डोलावली. ती डोलावलेली मान मला अजून आठवते आणि स्वतःचा राग येतो.

सर आमच्या ठाण्याच्या कॉलेजात नोकरीला नव्हते. समाजकार्याच्या एम. ए.ला शेवटच्या वर्षी शोधनिबंध लिहावा लागतो. त्यासाठी मार्गदर्शन करायला ते दर शनिवारी यायचे. त्याआधीची सगळी हयात त्यांनी परिवीक्षा अधिकारी म्हणून घालवलेली. या नोकरीत काय करतात हे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगते. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला आणि तो फार मोठा नसला, तर न्यायालय त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतं आणि घरी सोडतं. लोक त्याला बॉण्डच म्हणतात. मग वर्ष-दोन वर्षं एक अधिकारी त्याच्या घरी येतो-जातो, कसा वागतोय ते बघतो आणि न्यायालयाला अहवाल देतो. तो अधिकारी म्हणजे सर. ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडपर्यंत त्यांनी किती उंबरे झिजवले असतील, त्याची मोजदाद त्यांनाही नव्हती.

मार्गदर्शनासाठी गट तीन होते. एक वृद्धांचा, एक बालपोषणाचा आणि एक सरांचा, म्हणजे तुरुंगाबाहेर समाजात राहून भोगायच्या शिक्षेचा. मैत्रिणींनी डोळे मिटून बालपोषण घेतलं. मी सरांच्या गटात नाव घातलं. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, तसं ते झालं.

दुखरा दात असा की माझा दादा एकेकाळी बॉण्डवर होता. एकोणीस वर्षांचा असताना तो मानपाड्याच्या एका कंपनीत कामाला लागला आणि दोन मित्रांबरोबर जेवणाच्या डब्यातून तांब्याची तार बाहेर काढताना गेटवर पकडला गेला. मी तेव्हा चौथीत होते. कल्याणच्या कोर्टाने दोन वर्षांचा बॉण्ड घेऊन त्याला सोडलं. ती दोन वर्षं संपली आणि आमच्या घरात तो विषय कायमचा मिटला. दादा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, त्यात चांगला रुळला, आणि मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कल्याणच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ज्या गोष्टीचं नावही घरात काढायचं नाही, तिच्यावर मी शोधनिबंध लिहायला निघाले होते. तोही, अर्थात, तिचं नाव न काढता.

सरांकडून विषय मंजूर करून घेणं महाकठीण होतं. त्यांच्याकडे जुन्या कार्यालयातून आणलेली एक जाड नोंदवही होती. आपण विषय सांगायचा, ते तो सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "याचा पत्ता काय?"

पहिल्या शनिवारी मी सांगितलं, "भारतातील परिवीक्षा व्यवस्था, एक चिकित्सक अभ्यास."

"भारतात कुठे?"

सरांनी शांतपणे विषयापुढे लिहिलं, 'पत्ता अपूर्ण.' परत आलेल्या टपालावर असतो तो शेरा.

दुसऱ्या शनिवारी मी नॉर्वे आणि महाराष्ट्र यांची तुलना घेऊन गेले.

"नॉर्वेला जाऊन आलीस?"

"नाही सर."

"आणि महाराष्ट्रात?"

वर्ग खो-खो हसला. पत्ता अपूर्ण. तिसऱ्यांदा मी परदेशात गुन्हेगाराच्या पायाला नजर ठेवणारा पट्टा बांधतात, त्यावर वाचून गेले होते. सर मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्याकडे शेजारी असतात. पट्ट्याची गरज नाही. तुझ्या बिल्डिंगमध्ये कोण किती वाजता घरी येतं, हे तळमजल्यावरच्या बाईंना विचार, सेकंदासकट सांगतील." पत्ता अपूर्ण. नव्या कायद्यातल्या समाजसेवेच्या शिक्षेवर लिहायला निघालेल्या एका मुलाला त्यांनी विचारलं, शिक्षा झालेला माणूस नेमकी कोणती गल्ली झाडतो आणि त्या गल्लीतली माणसं त्याला चहा विचारतात का. तो मुलगा खरंच शोधत गेला, आणि त्याला पत्ता मिळाला. मी आपली पुस्तकांच्या ढिगाआड. दिवाळीपर्यंत विषय मंजूर झाला नाही तर वर्ष फुकट जाणार होतं, आणि दसरा होऊन गेला होता.

सातव्या नकारानंतर सर म्हणाले, "तू दाराशी जातेस आणि बेल न वाजवता परत येतेस. उद्या माझ्याबरोबर दिव्याला चल."

रविवारी आम्ही डोंबिवलीहून रिक्षाने दिवा गावाला गेलो. एका चार मजली इमारतीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाई राहत होत्या. त्या कधीकाळी सरांच्या देखरेखीखाली होत्या आणि दरवर्षी दिवाळीआधी आपण होऊन त्यांना बोलवत. आपण होऊन बोलावलं तरच जायचं, हा सरांचा नियम. बाई पन्नाशीच्या, तरी सर त्यांना "अहो, तुम्ही" म्हणत होते. ते सगळ्यांनाच म्हणत, अगदी अठरा वर्षांच्या पोरालाही. चौकीत अरे, कोर्टात अरे, घरी तर काय विचारायलाच नको. एकाने तरी अहो म्हणायला हवं, एवढंच त्यांचं त्यावर स्पष्टीकरण. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र ते खुशाल अरे-तुरे करत.

बाईंच्या नव्या सुनेने पाण्याचा भरलेला ग्लास आणला. सर म्हणाले, "अर्धा द्या. उरलेलं ओतू नका, झाडाला घाला."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या घरी, चौथीत असताना. कुणीतरी साहेब आले होते, आईबाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, दादा भिंतीला टेकून उभा होता आणि मला पाणी आणायला पाठवलं होतं. साहेब अर्धा म्हणाले म्हणून मी उरलेलं मोरीत ओतायला निघाले, तर ते म्हणाले, "ओतू नका, तुळशीला घाला." दहा वर्षांच्या मला कुणीतरी 'ओतू नका' म्हणालं, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. तोंड आठवत नव्हतं. ग्लास आठवत होता.

तेवढ्यात बाई हसत म्हणाल्या, "सांगू का हिला, सर, तुमची चूक?"

"मीच सांगतो," सर म्हणाले.

नोकरीत बरीच वर्षं त्यांची एक पद्धत होती. कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, फक्त पाणी मागायचं, आणि पाणी कोण आणतं, किती वेळाने आणतं ते बघायचं. त्यावरून घर कळतं, असा त्यांचा ठाम समज. बाईंकडे पहिल्यांदा आले तेव्हा पाणी यायला पाऊण तास लागला. सरांनी अहवालात लिहून टाकलं, 'घरातील व्यक्ती सहकार्यास अनुत्सुक. साधे पाणी देण्यासही विलंब.' न्यायाधीशांनी बाईंना उभं करून विचारलं. बाई म्हणाल्या, साहेब, तीन दिवस नळाला पाणी नव्हतं, टँकर आला नव्हता, मुलगा कळशी घेऊन मागच्या चाळीत गेला होता, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं.

"बॉण्ड रद्द व्हायची वेळ आलेली माझी," बाई म्हणाल्या. "एका ग्लासापायी."

"दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती अहवाल दिला," सर म्हणाले. "विलंबाचे कारण नळ होय, माणसे नव्हेत. नोकरीत लिहिलेलं एवढंच एक वाक्य मला पाठ आहे." त्या दिवसापासून ते कुणाकडेही अर्धाच ग्लास पाणी घेत.

परतताना रिक्षात मी धीर केला. आधी छत्रीचं विचारलं. ते म्हणाले, "माझ्या देखरेखीखाली असलेली माणसं आता मार्गी लागली आहेत. कुणी सासऱ्यांबरोबर बाजारात येतं, कुणी मुलाचा हात धरून. मी समोर आलो तर नमस्कार करावा लागतो. मग मूल विचारतं, हे कोण? त्याने काय सांगायचं? त्यापेक्षा मीच आड होतो."

मग मी आमच्या घराच्या रस्त्याचं नाव घेतलं, "सर, तुम्ही मानपाडा रोडलाही जायचात का? बऱ्याच वर्षांपूर्वी?"

सर बाहेर बघत राहिले. "माझी स्मरणशक्ती सरकारी होती," ते म्हणाले. "निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या किल्लीबरोबर जमा करून आलो." मला हायसं वाटलं. त्यांना काही आठवत नाही असं मी धरून चालले.

पण आता माझ्याकडे विषय होता. चौथी-पाचवीतली ती दोन वर्षं डोळ्यांपुढून हलत नव्हती. बॉण्डवर सही दादाने केली होती, पण चांगलं आम्ही सगळेच वागत होतो. पाण्याच्या पंपाच्या वेळेवरून आई रोज बिल्डिंगमध्ये भांडायची, ती अचानक कुणाला उलटून बोलेना. बाबांचा पत्त्यांचा डाव सुटला, जो नुसता वेळ घालवायला असायचा. मी वर्गात सापडलेलं खोडरबरसुद्धा बाईंकडे नेऊन द्यायचे. आमचं कुणाचं जरा चुकलं तर दादाला नेतील, असं आम्हाला वाटायचं. तसं काही नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, "बॉण्डवर सही न केलेली माणसं. परिवीक्षेच्या काळातलं कुटुंब."

सरांनी लिहून घेतलं. चष्मा कपाळावर गेला. "याचा पत्ता?"

"आहे, सर."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "असू दे. पत्ता असला पाहिजे, छापला नाही पाहिजे. पण ज्याची सही आहे त्याला विचारून ये. तो नाही म्हणाला तर आपण नववा विषय शोधू. वर्ष गेलं तर गेलं."

घरी मी चूक केली ती ही की आधी आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने तसाच मांडीवर ठेवला.

"जगात एवढे विषय पडलेत, तुला हाच सापडला? तिकडच्या माणसांना कळलं तर लग्न मोडेल. तू लिहून मोकळी होशील गं, भोगायचं त्याला."

"नाव नाही घालणार आई कुणाचं."

"आपलं नाव घालायला कशाला हवं? लोक वास काढतात."

ती रडली नाही, पण त्या दिवशी जेवली नाही. मीही मनात ठरवून टाकलं की वर्ष सोडायचं. दादाच्या संसारापेक्षा माझी पदवी मोठी नव्हती. तरी सरांनी विचारून ये म्हटलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत मिक्सर उघडून बसलेल्या दादाला विचारलं. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "नाही म्हण. मला काही वाटणार नाही."

तो स्क्रू फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिला सांगितलंय मी."

"कधी?"

"दुसऱ्यांदा भेटलेलो ना कल्याणला, तेव्हाच. ती म्हणाली, बरं झालं तूच सांगितलंस. तिच्या बाबांना पण माहितीये. लिही तू बिनधास्त."

"आणि आईला का नाही सांगितलंस हे?"

"आईला सांगायची भीती वाटते. ती अजून बॉण्डवरच आहे," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण त्याला नीट हसता आलं नाही. मलाही नाही. मग दोघांनी मिळून आत जाऊन आईला सांगितलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही, मग दादाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मात्र रडली, इतकी वर्षं साठवलेलं सगळं.

जेवताना दादाने विचारलं, "सर कोण आहेत तुझे?"

मी छत्रीचं वर्णन केलं. त्याचा घास हातातच राहिला.

"काळी छत्री? अगं, ते तेच आहेत. मला बाजारात दिसले की छत्री आडवी धरतात. किती वेळा बघितलंय मी. मला वाटायचं, त्यांना माझं तोंड बघायचं नाय." त्याने घास परत ताटात ठेवला. "आयुष्यात मला पहिल्यांदा अहो म्हणालेला माणूस होता तो. मग तेच तोंड फिरवायला लागले, तर वाईट वाटणारच ना."

मी त्याला छत्रीचं खरं कारण सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "रविवारी जाऊया आपण बाजारात."

रविवारी सर मेथीच्या ढिगापाशी सापडले. आम्ही दोघं दिसताच छत्री तिरकी झाली. दादाने हातातली पिशवी माझ्याकडे दिली, सरळ चालत गेला आणि वाकून छत्रीखाली शिरला. मला दोघांचे फक्त पाय दिसत होते, सरांच्या झिजलेल्या चपला आणि दादाचे कामाचे बूट. भाजीवाली माझ्याकडे बघत होती.

"सर, मी," दादाचा आवाज आला.

"अहो, तुम्ही," सरांचा आवाज आला. "कानाजवळ केस पिकले की तुमचे."

"सर, तुम्ही माझ्यावर रागावलेले नाय ना?"

छत्री हळूहळू खाली आली आणि मिटली. भर बाजारात ती मिटलेली मी पहिल्यांदा पाहत होते. सरांचा चेहरा पार उतरला होता. "मी रागावलो होतो असं वाटलं तुम्हाला? इतकी वर्षं?" ते म्हणाले. "म्हणजे मी पुन्हा चुकीचा अहवाल दिला म्हणायचा. आणखी किती जणांना असं वाटत असेल हो?"

त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला आता छत्री उघडी नव्हती. दादाने त्यांच्या हातातून मेथीची पिशवी घेतली आणि म्हणाला, "घरी चला, सर. लग्नाचं आमंत्रण रस्त्यात द्यायचं नसतं."

कुणी आपण होऊन बोलावलं तरच सर जात. इथे बोलावलं होतं. आईने त्यांना ओळखलं आणि पदर सावरत आत वळली, पण दादा तिच्या आधी स्वयंपाकघरात गेला. काठोकाठ भरलेला ग्लास त्याने सरांच्या पुढे धरला.

"अर्धा द्या," सर सवयीने म्हणाले. "उरलेलं..."

"तुळशीला सकाळीच घातलंय, सर. हे सगळं तुमचं."

सरांनी ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडे वळले. "मागच्या खेपेला तुम्ही आणला होता," ते मला म्हणाले. "दोन वेण्या होत्या तुमच्या. अर्धं पाणी मोरीत ओतायला निघाला होतात."

आणि ते सगळं पाणी सावकाश प्यायले.